पहिले साठ फूट

गाडी सुटते कशी, हे पाहण्याचा मला लहानपणापासून नाद आहे. ती पोचते कशी याचे मला फारसे कौतुक नाही. पोचायचे ते सारेच कधी ना कधी पोचतात. पण उभी असलेली गाडी ज्या क्षणी उभी राहायचे सोडते, तो क्षण मला फार मोलाचा वाटतो. आगगाडीत बसलेला माणूस त्या क्षणी हात हलवतो, खाडीतली होडी त्या क्षणी किंचित कुशीवर होते, आणि आमच्या गावची एस.टी. त्या क्षणी असा काही हिसका देत असे, की उभ्या उतारूंची बोचकी आणि त्यांचा मोठेपणा ही दोन्ही एकदमच खाली येत.

आमचे गाव तुडील. महाड तालुक्याच्या खाडीपट्ट्यातले. एका अंगाला सावित्रीची खाडी, दुसऱ्या अंगाला डोंगर, आणि मधून वाट काढीत जाणारा, घटकेत चढणारा नि घटकेत उतरणारा रस्ता. माझा वडील भाऊ १९८१ साली एस.टी.त चालक म्हणून लागला. त्याच वर्षी आमच्या कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. "जिल्ह्याला नवं नाव मिळालं आणि मला खाकी कपडे," असे दादा म्हणत असे. पुढे मी शाळेत विज्ञान शिकवू लागलो. गती, बल, घर्षण हे सारे मी फळ्यावर शिकवीत असे आणि दादा तेच रस्त्यावर करून दाखवीत असे. दोघांत अधिक विद्वान कोण, याविषयी गावात कधी मतभेद झाला नाही. लोक दादालाच विचारीत.

दादाची गाडी सुटली की ती सुटल्याचे कळत नसे, खिडकीबाहेरचे झाड मागे सरकू लागले की मगच समजे. "उभ्या उतारूला दांडा धरायची आठवण होता कामा नये," ही त्याची कसोटी होती. त्याची खरी परीक्षा पावसाळ्यात होई. शेवाळलेल्या चढावर गाडी थांबली आणि पुन्हा निघताना मागची चाके जागच्या जागी फिरू लागली, की नवखा चालक घाबरून रेस वाढवी. चाके अधिकच फिरत, चिखल उडे, आणि गाडी आहे तिथेच राही. दादा नेमके उलट करी. रेस सोडून देई, पहिल्याऐवजी दुसरा गिअर घाली, आणि मागे वळून म्हणे, "पुढची मंडळी जरा मागं सरका हो!" मंडळी कुरकुरत मागे जात. मग अर्ध्या क्लचवर तो गाडीला हळूच पुढे लोटी, आणि गाडी जणू काही झालेच नाही अशी चढ चढून जाई.

मी एकदा त्याला मोठ्या ऐटीने समजावून सांगितले की, एस.टी.च्या इंजिनाचा जोर मागच्या चाकांना जातो, त्या चाकांवर वजन वाढले की जमिनीवरची पकड वाढते, आणि दुसऱ्या गिअरात चाकावरचा जोर कमी झाल्यामुळे ते घसरत नाही. दादाने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "असेल बुवा. मी आपला जमिनीला विचारून गाडी सोडतो."

दादाला जाऊन आता चार वर्षे झाली. घरात वहिनी आणि त्यांचा एकुलता एक मुलगा. मुलगा महाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. वडिलांचे डोळे आणि वडिलांचे मौन या दोन गोष्टी त्याने वारसाहक्काने उचलल्या आहेत. तिसरी गोष्ट म्हणजे गाडीचे वेड. पण त्या वेडाची जात निराळी. दोन वर्षांपूर्वी त्याने एक जुनी पोलो घेतली. चाकणच्या कारखान्यात तयार झालेली, तांबड्या रंगाची, सहा गिअरांची. इंजिन पाहावे तर अवघे एक लिटरचे. पण त्या इंजिनाला टर्बो आहे.

टर्बो म्हणजे काय, हे मी पुतण्याकडून शिकलो. लोहाराच्या भट्टीचा भाता कुणीतरी ओढावा लागतो. समजा, भट्टीतून निघणाऱ्या धुरानेच तो भाता ओढला तर? टर्बोत हेच होते. इंजिनातून बाहेर पडणारा वायू एक लहानसे चक्र फिरवतो, ते चक्र बाहेरची हवा दाबून पुन्हा इंजिनात भरते, आणि अधिक हवेबरोबर अधिक इंधन जळते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. अमेरिकेत १९६२ साली ती सामान्य माणसाच्या मोटारीत आली. मात्र या भात्याची एक खोड आहे. भट्टी पेटल्याशिवाय धूर नाही, आणि धूर आल्याशिवाय भाता हलत नाही. त्यामुळे इंजिन सावकाश फिरत असते तेव्हा टर्बो झोपलेला असतो. पुतण्याच्या गाडीत मिनिटाला साधारण १७५० फेऱ्या झाल्या की तो जागा होतो, आणि जागा होतो तो आळोखेपिळोखे न देता, एकदम अंगावर धावून येतो.

अशी गाडी घेऊन पुतण्याला जो छंद लागला, त्याला 'ड्रॅग रेसिंग' म्हणतात. नाव ऐकून मला प्रथम वाटले, काही ओढण्याचा प्रकार असावा. प्रकार त्याहून साधा आहे. सरळ रस्ता, लांबी पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या. दिवा हिरवा झाला की सुटायचे. वळण नाही, ओव्हरटेक नाही, डावपेच नाही. मी म्हटले, "अरे, यात चालकाचं काय कौशल्य? रेस दाबायची नि बसून राहायचं!" तो हसला आणि म्हणाला, "काका, सगळा खेळ पहिल्या साठ फुटांत असतो." सुटण्याच्या क्षणाचे वेड मलाच आहे अशी माझी समजूत होती. ती त्या दिवशी दूर झाली.

गेल्या वर्षी दिवाळीच्या दोन दिवस आधीची गोष्ट. भाताची कापणी चालली होती. दिवस मावळताना मी फिरायला निघालो, तो गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर डांबरावर दोन काळे पट्टे दिसले. थोडे पुढे आणखी दोन. कुणीतरी कोळशाने रेघा ओढाव्यात तसे. मी विज्ञानाचा शिक्षक. जळलेल्या रबराचा वास मला ओळखता येतो. वळणापलीकडून इंजिनाचा आवाज आला, मग चाकांची किंकाळी, आणि मग एकाएकी सारे शांत झाले. ती शांतता मला मुळीच आवडली नाही. मी धावलो.

तांबडी गाडी रस्त्यावर तिरकी उभी होती. समोर, रस्त्याच्या कडेच्या चरात, आमच्या वाडीतल्या एक आजी बसल्या होत्या. डोकीवरचा गवताचा भारा फुटून गवत चोहोकडे पसरले होते. सुटताना पुढची चाके फिरली, मग एका चाकाला एकदम पकड मिळाली, आणि गाडीने तोंड त्या बाजूला फिरवले. आजी वेळीच चरात उतरल्या म्हणून वाचल्या. लागले खरचटण्यापुरतेच. "मेल्या, बैल उधळला का रे तुझा?" एवढेच त्या म्हणाल्या. पुतण्या रस्त्यावर गुडघे टेकून गवत गोळा करीत होता. भारा बांधताना त्याचे हात असे कापत होते, की गाठ बसेना. शेवटी ती आजींनीच मारली.

तुडीलमध्ये बातमीला टर्बो लागत नाही. आम्ही घरी पोचण्याआधीच ती वहिनींना कळली होती. त्या ओट्यावर आकाशकंदिलाच्या कामट्या घेऊन बसल्या होत्या. मुलाला काही बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, "भाऊजी, ती गाडी विकायला सांगा त्याला. तुमचं ऐकेल तो."

रात्री मी भाषणाची तयारी केली. एकतीस वर्षांची सवय. मुद्दे मनाशी मांडले. मोटार वाहन कायद्याचे १८९ वे कलम, रस्त्यावर शर्यत लावणाऱ्याला होणारी तीन महिन्यांपर्यंतची कैद किंवा पाच हजारांपर्यंतचा दंड, वडिलांचे नाव, आईचे वय. पहाटे नरकचतुर्दशीचे कारीट फोडून झाल्यावर तो मागल्या दारी पायरीवर बसला होता, तिथे मी गेलो. मी तोंड उघडण्याआधीच तो म्हणाला, "काका, मला चाकं फिरवायची नव्हती हो. मला नीट सुटायचं होतं."

माझे भाषण जागच्या जागी फिरू लागले. पुढे जाईना.

नीट सुटायचे होते! दादाला आयुष्यभर याहून वेगळे काय हवे होते? मी त्या मुलाला दम द्यायला गेलो होतो, आणि त्याच्या तोंडून माझ्या भावाचे वाक्य ऐकून परत आलो. पण वाक्य कितीही गोड असले तरी चरात बसलेल्या आजी काही डोळ्यांपुढून हलत नव्हत्या.

मग मी वाचन केले. शिक्षकाला दुसरे काय सुचणार? त्या वाचनात मला एक गंमत आढळली. या खेळाची सुरुवात अमेरिकेत अगदी अशाच काळ्या पट्ट्यांनी झाली. कॅलिफोर्नियातली तरुण पोरे रात्री रस्त्यांवर शर्यती लावीत, माणसे दगावत, वर्तमानपत्रे ओरडत. तेव्हा काही शहाण्या मंडळींनी पोरांना नुसता दम देण्याऐवजी जागा दिली. १९५० साली सँटा ॲना येथे विमानाच्या धावपट्टीवर असा आखाडा सुरू झाला. १९५१ साली वॉली पार्क्स नावाच्या मोटार-मासिकाच्या संपादकाने या खेळाची राष्ट्रीय संघटना उभारली. नियम केले, गाड्या तपासायला माणसे नेमली, डोक्याला शिरस्त्राण सक्तीचे केले. रस्त्यावरचा उनाडपणा धावपट्टीवर गेला आणि त्याचा खेळ झाला. आपल्याकडेही लोणावळ्याच्या पलीकडे अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'द व्हॅली रन' या नावाने अशा पाव मैलाच्या शर्यती भरल्या आहेत.

मी वहिनींना म्हटले, "गाडी विकायला मी सांगत नाही. पण रस्त्यावर पुन्हा हे करणार नाही, असं वचन घेतो. आणि जिथं हे करायची परवानगी आहे तिथं मी स्वतः त्याच्याबरोबर जातो."

"तुम्ही जाऊन काय करणार?" वहिनींनी विचारले.

प्रश्न रास्त होता. मला सायकलखेरीज काही चालवता येत नाही.

त्याने वचन दिले. मग हिवाळ्यातल्या एका मेळाव्यासाठी आमची तयारी सुरू झाली. तयारी म्हणजे ओट्यावरची चर्चा. पहिल्याच दिवशी माझी विकेट गेली. एकतीस वर्षे मी फळ्यावर लिहीत आलो, की घर्षण हे दाबावर अवलंबून असते, टेकलेल्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर नसते. लाकडाच्या ठोकळ्याला हे चालते. रबराला चालत नाही! रबर मऊ असते, ते डांबराच्या खरखरीत कणांत शिरून बसते, आणि जितका भाग टेकेल तितके त्याला सोयीचे होते. म्हणून शर्यतवाले चाकातली हवा थोडी कमी करतात. खास शर्यतीचे मऊ टायर वेगळे मिळतात. पण आमच्याकडे रोज महाडला जाणारे साधे रस्त्याचे टायर. त्यांचे रबर कठीण, कारण त्यांना हजारो किलोमीटर झिजायचे असते. त्यांना लाडीगोडीनेच घ्यावे लागते.

दुसरी अडचण अधिक मजेची होती. गाडी जोरात सुटली की तिचे वजन मागे कलते. दादाच्या एस.टी.त इंजिनाचा जोर मागच्या चाकांना जाई, त्यामुळे हे कलणे त्याच्या पथ्यावर पडे. पुतण्याच्या गाडीत जोर जातो पुढच्या चाकांना! म्हणजे ज्या चाकांनी ओढायचे, त्यांच्याच अंगावरचे वजन ऐन वेळी निघून जाते. मी म्हटले, "तुझ्या बाबांनी माणसं मागं बसवली असती. तू मागचं सगळं काढून टाक." त्याने डिकीतली स्टेपनी, जॅक, छत्री आणि तिथे कधीपासून पडलेला नारळ, सारे यादी करून काढायचे ठरवले. काकांच्या विज्ञानाचा हा पहिला उपयोग.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक. थांबलेले चाक जमिनीला जितके घट्ट धरते, तितके फिरकी घेणारे चाक धरत नाही. एकदा सुटलेली पकड रेस वाढवून परत येत नाही, रेस कमी करूनच येते. हे मला ठाऊक होते. पण पुतण्याने पुढचे सांगितले ते नव्हते. टायरची पकड सर्वांत जास्त असते ती चाक मुळीच न घसरता फिरते तेव्हा नव्हे. ते किंचित, शंभरात दहा-पंधरा भाग, घसरत असते तेव्हा. त्याहून कमी घसरले तर पकडीचा काही भाग वापरलाच जात नाही, त्याहून जास्त घसरले तर ती हातची जाते. हे ऐकून मी बराच वेळ गप्प बसलो. मुले वाढवण्याच्या पुस्तकांत हे वाक्य मला कुठे वाचायला मिळाले नव्हते. वहिनींचे म्हणणे गाडी विकून टाका. गावचे म्हणणे आजकालच्या पोरांपुढे इलाज नाही. एकीकडे चाक जखडून टाकायचे, दुसरीकडे मोकळे सोडायचे. अर्ध्या क्लचचे कुणाच्या मनात येत नव्हते.

भात झोडून रिकामे झालेले आमचे खळे होते. तिथे रोज संध्याकाळी त्याने एकच धडा गिरवला. रेसला पाय न लावता क्लच इतका सावकाश वर घ्यायचा, की तो नेमका कुठे धरतो ते पावलाला पाठ व्हावे. गाडी वीतभर हलली की थांबायचे. एकदा आजी कुंपणाशी उभ्या राहून पाहत होत्या. म्हणाल्या, "बैलाचंपण तसंच असतं रे. जू खांद्याला टेकलं की मग हाक द्यायची. आधीच चाबूक मारलास तर पाय घसरतात." मी वहीत टिपून घेतले. ओट्यावरच्या साऱ्या चर्चेत इतके नेमके वाक्य कुणी बोलले नव्हते.

ठरल्या दिवशी आम्ही काळोखातच निघालो. माणगाव, कोलाड, वाकण, पाली, खोपोली, आणि मग घाट चढून लोणावळा. धावपट्टीवर पोचलो तेव्हा सह्याद्रीच्या माथ्यावर ऊन नुकते पसरत होते. तिथल्या गाड्या पाहून माझी छाती दडपली. काही गाड्या तर पाव मैल संपवून थांबल्यावर त्यांचा आवाज पोचतो की काय, असे वाटत होते. त्या थाटात आमची तांबडी पोलो लग्नघरात चुकून शिरलेल्या शाळामास्तरासारखी दिसत होती. आणि शेजारी खराच शाळामास्तर उभा होता. तपासनिसांनी गाडी पाहिली, शिरस्त्राण पाहिले. पुतण्याने पुढच्या चाकांतली हवा चार-पाच पौंड कमी केली. निघण्यापूर्वी ती पुन्हा भरायची, हे मी वहीत दोनदा लिहिले. कमी हवेचा टायर लांबच्या रस्त्यावर तापतो आणि दगा देतो.

सुटण्याच्या जागी दिव्यांचा एक खांब असतो. त्याला नाताळचे झाड म्हणतात. अमेरिकेत १९६३ पासून ही पद्धत आहे. पिवळे दिवे लागतात, मग हिरवा. मात्र गाडीचे घड्याळ हिरव्या दिव्याबरोबर सुरू होत नाही. पुढचे चाक आडव्या प्रकाशकिरणातून बाहेर पडले की सुरू होते. मी पुतण्याला म्हटले, "म्हणजे दिवा पाहून दचकायचं कारण नाही. घड्याळ तुझी वाट पाहणार आहे."

पहिल्या फेरीला तो दचकलाच. इंजिनाच्या फेऱ्या साडेचार हजारांवर नेऊन त्याने क्लच एकदम सोडला. टर्बो जागा होताच. चाके जागीच फिरली, निळसर धूर निघाला, आणि ऐकू आली तीच किंकाळी, खाडीपट्ट्यातल्या त्या संध्याकाळची. माझ्या पोटात गोळा आला. चिठ्ठीवर आकडे आले: पहिले साठ फूट २.७८ सेकंद, पाव मैल १७.८४.

दुसऱ्या फेरीला तो भ्याला. फेऱ्या पंधराशेवर ठेवल्या. गाडी न घसरता सुटली खरी, पण पेंगत. झोपलेला टर्बो अर्ध्या वाटेवर जागा झाला आणि उशिरा उठलेल्या माणसासारखी त्याची धावपळ सुरू झाली. पहिले साठ फूट २.९१, पाव मैल १८.०२. पहिल्या चुकीपेक्षाही वाईट.

तो गाडीतून उतरला आणि चाकाशी उकिडवा बसला. "जमत नाही काका," म्हणाला. त्याच्याजवळ जाऊन काही शास्त्रीय सांगावे, म्हणून मी वही उघडली. पण तोंडून निघाले ते भलतेच. मी म्हणालो, "तुझे बाबा जमिनीला विचारून गाडी सोडत. पहिल्या खेपेला तू तिला विचारलंच नाहीस. दुसऱ्या खेपेला विचारलंस, पण उत्तर ऐकायच्या आधीच घाबरलास."

तो काही बोलला नाही. उठून चाकाला हात लावून पाहिला. टायर किंचित कोमट होते. ओळीतून पुढे सरकताना त्याने हातब्रेक ओढून चाके क्षणभर फिरवून त्यांच्यावरची धूळ झाडली. क्षणभरच, साधे टायर फार तापवले तर रबर बिघडते. मग रेषेवर उभा राहिला. इंजिनाच्या फेऱ्या अडीच हजारांच्या थोड्या वर स्थिर झाल्या. मला काचेतून त्याचा डावा गुडघा दिसत होता. तो अगदी हळू वर येत होता. गाडीने नाक किंचित उचलले, जसा बैल जू खांद्यावर घेतो तसे. हिरवा दिवा लागला. किंकाळी आली नाही. आला एक बारीक, ओल्या फडक्याने पाटी पुसल्यासारखा आवाज; दहा-पंधरा भागांचा तो हिशेब जणू कानांनी ऐकू आला. अर्ध्या क्लचवर ती गाडीची एक लांबी गेली, मग क्लच पूर्ण सुटला, मग रेस खाली गेली, आणि तांबडी गाडी लहान लहान होत गेली.

पहिले साठ फूट २.४७. पाव मैल १७.३१.

साठ फुटांत तीन दशांश सेकंद वाचले आणि शेवटी त्यांचे पाच दशांश झाले, कारण आधी मिळालेला वेग पुढे सबंध वाटभर बरोबर येतो. इंजिन तेच, टायर तेच, गाडी तीच. शक्ती एका सुईइतकीही वाढवली नव्हती. आहे ती वाया घालवायची थांबवली होती.

त्या दिवशी आम्ही काहीच जिंकलो नाही. आमच्या आधी आणि नंतर ज्या गाड्या गेल्या, त्या आमच्यापेक्षा कितीतरी चपळ होत्या. बक्षीस घेणाऱ्यांनी आमच्याकडे पाहिलेही नसेल. परत निघताना चाकांत हवा भरली, स्टेपनी, जॅक, छत्री आणि नारळ पुन्हा डिकीत ठेवले. घाट उतरताना तो इतक्या सावकाश चालवीत होता, की मागून एक ट्रक हॉर्न देऊन पुढे गेला. मी विचारले, "काय रे, झोप येते का?" तो म्हणाला, "नाही. आजींना काय सांगू, ते ठरवतोय."

काय सांगितले ते मला ठाऊक नाही. नारळ मात्र डिकीतून नाहीसा झाला, आणि आठवड्याभराने आजींकडून आमच्याकडे खोबऱ्याच्या वड्या आल्या.

गाडी विकली नाही. गावाबाहेरच्या रस्त्यावरचे ते काळे पट्टे यंदाच्या पावसाने बरेचसे पुसून काढले. नीट पाहिले तर अजून एक अंधुक रेघ दिसते. ती पूर्ण पुसली जाऊ नये, असे मला वाटते. तिथून जाताना पुतण्या नेहमी गाडी हळू करतो.

परवा पहाटे आम्ही देवळात निघालो. वहिनी पुढच्या आसनावर बसल्या, मांडीवर तबक, तबकात काठोकाठ तेल घातलेली पेटती पणती. मी म्हटले, "वहिनी, ती विझवून घ्या, देवळात गेल्यावर लावा. वाडीचा चढ आहे." वहिनी म्हणाल्या, "राहू दे हो." चढाच्या मध्यावर समोरून गुरे आली म्हणून गाडी थांबवावी लागली. गुरे गेली. मी मागे बसून तबकाकडे पाहत होतो. पणतीची ज्योत सरळ होती, आणि पाहतो तो खिडकीबाहेरचा फणस मागे सरकत होता.

वहिनींच्या ते ध्यानातही आले नाही. त्या मुलाला म्हणाल्या, "अरे, गेली ना गुरं? मग सोड की गाडी!"